चिनीत ‘मामा’ म्हणजे आई

गेल्या आठवड्यात भाचीचा कॅलिफोर्नियाहून फोन आला. "मावशी, पिल्लूच्या शाळेची ट्रिप चीनला निघतेय. पाठवू का गं?"

(पिल्लू आता पंधरा वर्षांचा आहे आणि त्याच्याशी बोलताना मला मान वर करावी लागते. पण भाचीसाठी तो अजून पिल्लूच. असो.)

पिल्लू शाळेत तीन वर्षं चिनी शिकतोय. मी क्षणाचाही विचार न करता "पाठव" म्हणून मोकळी झाले. मग तिने ट्रिपचा कार्यक्रम मेलवर पाठवला. दहा दिवस. बीजिंग, शीआन, क्वेलिन, शांघाय. चार शहरं, चिनी भिंत, मातीचे सैनिक, नदीतली बोट, उंच टॉवरवरून दिसणारं रात्रीचं शहर. आणि नवव्या दिवसापुढे बारीक अक्षरात लिहिलेलं, ‘चिनी कुटुंबात एक रात्र मुक्काम (ऐच्छिक)’.

मी तिला उलट फोन केला आणि म्हटलं, "हे असंच असेल तर नको पाठवूस. त्यापेक्षा तुम्ही सगळे मिळून एकदा चीन फिरून या."

ती गोंधळली. साहजिक आहे. आधी पाठव म्हणते, मग नको म्हणते, मावशीचं वय झालं वाटतं! फोनवर मला नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितेय. शिवाय यात माझी एक जुनी चूक आहे. तीही एकदा कबूल करून टाकायची आहे.

गोष्ट २०११ च्या मार्च-एप्रिलमधली. आम्ही शिकागोजवळ राहतो. लेक तेव्हा पंधरा वर्षांची, नववीत. तिच्या शाळेत परक्या भाषा तीन होत्या, स्पॅनिश, फ्रेंच आणि चिनी. तिने सहावीपासून चिनी घेतलं होतं. तेव्हा हवाच तशी होती. २००७ साली इथल्या एपी परीक्षांमध्ये चिनी भाषा आली. २००९ साली ओबामा चीनला गेले तेव्हा एक लाख अमेरिकन विद्यार्थी चीनमध्ये शिकायला पाठवायची घोषणा झाली. पालकांच्या मीटिंगमध्ये जो तो म्हणायचा, "पुढे उपयोग होईल." मीही म्हणायचे.

मनात मात्र थोडं खुपत होतं. रविवारच्या मराठी शाळेत लेक दहाव्या वर्षापर्यंत गेली आणि एके दिवशी म्हणाली, "आई, धिस डझन्ट काउंट फॉर एनिथिंग." म्हणजे याचे मार्क कुठे धरत नाहीत. झालं, मराठी शाळा बंद. पुढच्याच वर्षी ही मुलगी डायनिंग टेबलवर बसून चिनी अक्षरं गिरवायला लागली. ‘अ आ इ ई’ जड जात होतं आणि हे बरं जमतं, असं मी नवऱ्याला म्हणाले होते. तो हसला. मला काही हसू आलं नाही.

तर त्या वर्षी वसंताच्या सुट्टीला जोडून शाळेने शीआनच्या एका शाळेशी अदलाबदल ठरवली. आमची अठरा मुलं तिकडे जाणार, तिकडची शरद ऋतूत आमच्याकडे येणार. सोबतीला दोन पालक हवे होते. मी रजा टाकली आणि नाव दिलं. चिनी शिकवणाऱ्या बाई बरोबर होत्याच. मुलं त्यांना ‘लाओशी’ म्हणायची, म्हणजे आपल्याकडचं ‘बाई’. मीही लाओशीच म्हणायला लागले.

पहिले तीन दिवस बीजिंग. चिनी भिंत पाहिली, राजवाडा पाहिला, मोती बाजारात घासाघीस केली. मजा आली, नाही कशाला म्हणू? पण मला एक खोड आहे मोजायची. तीन दिवसांत लेकीच्या तोंडून मी चार चिनी वाक्यं ऐकली. ‘केवढ्याला?’, ‘फार महाग आहे’, ‘धन्यवाद’ आणि ‘बाथरूम कुठे आहे?’. चार वर्षांच्या अभ्यासाची चार वाक्यं. आणि दुकानदार उत्तर द्यायचा इंग्रजीतच. कारण चीनमध्ये २००१ पासून तिसरीलाच इंग्रजी सुरू करायचं धोरण आहे. त्यांना आमच्या मुलांच्या चिनीची काही गरजच नव्हती.

तिथून रात्रीच्या गाडीने शीआन. तेव्हा ती वेगवान रेल्वे तिकडे सुरू व्हायची होती, बारा तासांचा प्रवास. आपल्या थ्री टियरसारखेच तीन मजली बर्थ. फक्त डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याची टाकी, आणि ज्याच्या त्याच्या हातात थर्मास. रात्री सगळी मुलं झोपली, मी जागीच होते. कारण गाडी शिजियाझुआंगवरून जाणार हे मला ठाऊक होतं.

माझं माहेर सोलापूर. सोलापूरच्या माणसाला चीन म्हटलं की आधी डॉ. कोटणीस आठवतात. १९३८ साली भारतातून पाच डॉक्टर चीनला गेले, जपानशी युद्ध चालू असताना. त्यातले द्वारकानाथ कोटणीस परत आलेच नाहीत. तिथेच राहिले, जखमींवर शस्त्रक्रिया केल्या, चिनी बोलायला आणि लिहायला शिकले. क्वो छिंगलान नावाच्या नर्सशी १९४१ मध्ये लग्न केलं. मुलाचं नाव ठेवलं यिनह्वा. यिन म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ ला गेले. वय अवघं बत्तीस. त्यांची समाधी या शिजियाझुआंगमध्ये आहे. खिडकीतून अंधारात दिवे सोडून काहीच दिसलं नाही. पण एक विचार तेव्हा मनात आला तो अजून गेलेला नाही. या माणसाने चिनी भाषा कुठल्या वर्गात शिकली? जिथे आपली भाषा कुणालाच येत नाही अशा लोकांत राहिला म्हणून शिकला.

शीआनला आम्हा मोठ्यांची सोय हॉटेलात आणि मुलांची एकेका कुटुंबात. पाच रात्री. लेकीच्या वाट्याला आलेल्या घरात तिच्याच वयाची एक मुलगी, तिचे आईवडील आणि वडिलांची आई. दिवसा मुलं शाळेत. पन्नासच्या वर मुलांचा वर्ग. मधेच स्पीकरवर संगीत लागतं आणि सगळी मुलं डोळे मिटून भुवयांपाशी बोटांनी दाबत बसतात, डोळ्यांचा व्यायाम म्हणून. दुपारी डेस्कवर डोकं टेकून झोप. आमची अमेरिकन मुलं आधी हसली, तिसऱ्या दिवशी झोपायला लागली. :-)

दुसऱ्या रात्री साडेदहाला लाओशींचा फोन वाजला. लेक होती. रडत होती. "आई, मला इथून घेऊन जा." पोट दुखत होतं आणि ते सांगायला शब्दच सापडत नव्हता. घरातली मुलगी झोपली होती, तिचे वडील कामावर, आई कुठेतरी औषध आणायला गेलेली. समोर फक्त म्हातारी आजी. आणि आजी बोलायची शीआनकडची बोली. वर्गातलं शुद्ध चिनी तिथे कुचकामाचं.

मी बूट घातले. लाओशींनी फोन आजीकडे द्यायला सांगितला, पाच मिनिटं बोलल्या आणि म्हणाल्या, "ताप नाही. आजी जागी बसलीय. औषधही येतंय. आपण सकाळी बघू." माझा पारा चढला. मी म्हटलं, "तुमची मुलगी असती तर?" त्या शांतपणे म्हणाल्या, "माझी असती तर मीही बूट घातले असते. म्हणून तर बरोबर दुसरं कुणीतरी लागतं."

रात्रभर मी जागी होते. लाओशींना मनातल्या मनात काय काय बोलले ते इथे लिहीत नाही.

सकाळी शाळेच्या फाटकापाशी लेक आली ती दोन घट्ट वेण्या घालून. दहाव्या वर्षापासून या मुलीने मला केसांना हात लावू दिला नव्हता! काय झालं होतं? जेवताना ‘पुरे’ म्हटलं की ताटात आणखी पडत होतं. (सोलापुरात वेगळं काय होतं?) मग पोट बिघडलं. आजीने हाताने पोट दाबून बघितलं, गरम पाणी पाजलं, बारीक धान्याची पातळ पेज करून दिली आणि ती झोपेपर्यंत पोटावरून हात फिरवत बसली. लेक म्हणाली, "आई, मी तिला आजी म्हटलं. नाइनाइ हा शब्द आठवेचना."

"मग?"

"तिने ओ दिली."

मला वाटतं भाषा शिकणं तिथून सुरू झालं. आदल्या चार वर्षांत तिने शब्द गोळा केले होते, बस्स.

त्या दिवसापासून ती रोज काहीतरी घेऊन यायची. पहिल्यांदा आणली ती नाती. इंग्रजीत सगळे ‘अंकल’ आणि सगळ्या ‘आंट’. चिनीत तसं नाही. वडिलांच्या थोरल्या भावाला वेगळा शब्द, धाकट्याला वेगळा, आईच्या भावाला वेगळा. आत्याला वेगळा, मावशीला वेगळा. वर्गात हा धडा झाला तेव्हा बाकीच्या मुलांनी कपाळावर हात मारला होता म्हणे, इतके शब्द कशाला? लेक म्हणाली, "आई, हे तर आपल्यासारखंच आहे. काका, मामा, आत्या, मावशी." बऱ्याच वर्षांनी मी तिच्या तोंडून हे चार शब्द एका दमात ऐकले.

पण घोटाळा बघा. चिनीत ‘मामा’ म्हणजे आई. आणि मैत्रिणीच्या आईला हाक मारतात ‘आयी’, म्हणजे मावशी. त्यामुळे माझी मुलगी दिवसभर एका अनोळखी बाईला जवळजवळ आईच म्हणत होती. ती हे हसत हसत सांगत होती. मीही हसले. जरासं लागलं, ते मात्र बोलले नाही.

दुसरी गोष्ट तिने सांगितली तेव्हा मात्र दोघीही गप्प झालो. त्या चिनी मुलीला हे सगळे शब्द पाठ होते, पण सख्खं भावंड नव्हतं. तिच्या वर्गातल्या बहुतेकांना नव्हतं. एकच मूल असा तेव्हाचा कायदा. २०१६ साली तो बदलला. एकुलत्या एकांच्या मुलांना काका कुठून, आत्या कुठून? म्हणजे तिकडे शब्द आहेत आणि माणसं कमी होत चाललीत. आमच्याकडे माणसं आहेत, सोलापुरात, पुण्यात, नाशकात. शब्द मुलांच्या तोंडून निघून चाललेत.

पुढचे तीन दिवस शाळेला सुट्टी होती, छिंगमिंगची. पूर्वजांच्या कबरी साफ करायचा सण. त्या वर्षी तो ५ एप्रिलला होता. लेकीला घेऊन ते कुटुंब शहराबाहेर आपल्या गावी गेलं, आजोबांच्या कबरीपाशी. गवत उपटलं, फळं ठेवली, दारूचे चार थेंब ओतले, कागदी नोटा जाळल्या आणि सगळे गुडघ्यांवर बसले. लेकीला कुणी बस म्हणालं नाही. तीही बसली. संध्याकाळी फोनवर विचारते, "आई, आपण करतो का कुणासाठी असं?"

मी म्हटलं, "अगं, पितृपक्षात मी अंगणात पान नाही का ठेवत?"

पलीकडे शांतता. मग म्हणाली, "मला वाटायचं, तू पक्ष्यांना खायला घालतेस."

पंधरा वर्षं ते पान ती बघत आली होती, आणि मी कधी सांगितलं नव्हतं. मराठी शाळेच्या नावाने मी बोटं मोडत होते. ही गोष्ट काही मराठी शाळेने सांगायची नव्हती.

परतीच्या विमानात तिने आणखी एक शोध लावला. चिनीत ‘पुन्हा भेटू’ला ‘चाइच्येन’ म्हणतात. यातले दोन ‘च’ वेगळे आहेत. पहिला चोरातला, दुसरा चहातला. रोमन लिपीत एकाला ‘झेड’ लिहितात आणि दुसऱ्याला ‘जे’, त्यामुळे वर्गातली मुलं तिथेच अडखळायची. हिला ते कधी अवघड गेलंच नाही. तसंच क आणि ख, त आणि थ. इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना हा फरक मुद्दाम ऐकायला शिकवावं लागतं. आपल्याला तो घरात मिळतो. लाओशी चार वर्षं म्हणत होत्या, हिचे उच्चार चांगले आहेत. का चांगले आहेत ते आम्हाला कुणालाच सुचलं नव्हतं. ज्या मराठीचे मार्क कुठे धरत नाहीत म्हणून ती सोडली, तिचे मार्क तिला चिनीत मिळत होते!

आता माझी चूक.

मे महिन्यात पालकांची मीटिंग झाली. तक्रारी बऱ्याच होत्या आणि खोट्या नव्हत्या. एका घरात वडील सिगारेट ओढायचे. एका मुलाला तीन दिवस भातावरच काढावे लागले. एकीला संडासाची सवय नव्हती. दोन मुलं रात्री रडली होती, त्यात माझी एक. ठराव असा आला की पुढच्या वेळी मुलांना हॉटेलात ठेवायचं, दिवसा चिनी मुलांशी ‘संवादाचा तास’ ठेवायचा आणि वाचलेल्या दिवसांत आणखी एक शहर दाखवायचं. लाओशींनी माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी बोलेन असं त्यांना वाटलं असणार. त्या रात्री बूट घालून उभी असलेली बाई मीच होते आणि सकाळी वेण्या बघितलेलीही मीच.

मी बोलले नाही. चार लोकांत उभं राहून "माझी मुलगी परक्या घरात रडली आणि तिला तिथेच ठेवलं ते बरं झालं" असं म्हणायची हिंमत झाली नाही. कोण कसली आई म्हणेल याची भीती. ठराव एकमताने पास झाला. त्या एकमतात माझं गप्प बसणंही धरलेलं होतं.

शरदात ठरल्याप्रमाणे ती चिनी मुलगी आमच्याकडे दहा दिवस राहून गेली. माझी आई तेव्हा सोलापूरहून आली होती. आई तिच्याशी सरळ मराठीत बोलायची, ती आईशी चिनीत, आणि दोघींचं कुठे अडलं नाही. वरणभात तिला आवडला, लिंबाचं लोणचं नाही. तिच्या आजीने माझ्यासाठी स्वतः भरतकाम केलेले बुटात घालायचे तळवे पाठवले होते. आईने उलट सोलापुरी चादर दिली. त्या बुटांशी माझं काय नातं होतं ते आजीला माहीत असण्याचं कारण नव्हतं. मला मात्र ते तळवे हातात घेऊन भरून आलं.

२०१३ ची ट्रिप नव्या ठरावाप्रमाणे झाली. फोटो फार सुंदर होते. मुलं खूश, पालक खूश. कुणी रडलं नाही. परत येऊन कुणी आपल्या आजीबद्दलही काही विचारलं नसावं.

आता तुम्ही म्हणाल, एका मुलीच्या अनुभवावरून नियम करतेस? बरोबर आहे. म्हणून दुसरी बाजूही मांडते.

सुरक्षिततेचा प्रश्न खरा आहे. परक्या घरात मूल ठेवायचं तर ते घर शाळेने आधी जाऊन बघितलेलं हवं, भाषा येणारं मोठं माणूस अर्ध्या तासाच्या अंतरावर हवं आणि रात्री उचलला जाणारा फोन हवा. आमच्याकडे हे तिन्ही होतं. नसेल तर पाठवू नये, यात दुमत नाही.

दुसरा आक्षेप असा की ही घरं निवडलेली असतात, शहरातली, खात्यापित्यातली, खरा चीन त्यात दिसत नाही. हेही खरं. पण हॉटेलातून तो जास्त दिसतो का? निदान त्या घरात लेकीने फेसबुक उघडायचा प्रयत्न केला आणि ते उघडेना तेव्हा तिला तो प्रश्न विचारता आला. (चीनमध्ये ते २००९ पासून बंद आहे.) घरातल्या मुलीने खांदे उडवले आणि आपल्या क्यूक्यूचा नंबर दिला. वडिलांनी विषय बदलला. लेकीला तेही दिसलं, आणि लक्षात राहिलं.

तिसरा आक्षेप राजकारणाचा. त्यांच्या सरकारशी आपलं पटत नाही, मग मुलांना तिकडे कशाला धाडायचं? हा आक्षेप आता फार ऐकू येतो, आणि त्याचा परिणाम आकड्यांत दिसतो. २०११-१२ मध्ये अमेरिकेतले सुमारे १४,९०० कॉलेज विद्यार्थी चीनमध्ये शिकायला गेले होते. २०१८-१९ मध्ये साधारण ११,६००. कोविडने सगळं बंद पडलं आणि २०२१-२२ मध्ये फक्त २११ राहिले. नंतरच्या वर्षी ४६९. नोव्हेंबर २०२३ मध्ये शी जिनपिंग सॅन फ्रान्सिस्कोला आले तेव्हा पाच वर्षांत पन्नास हजार अमेरिकन तरुणांना बोलवू म्हणाले. पिल्लूच्या शाळेची ट्रिप अशाच बदललेल्या हवेत निघाली असणार. आपल्या भारतात २०१९ च्या शैक्षणिक धोरणाच्या मसुद्यात परक्या भाषांच्या यादीत चिनी होती, २०२० च्या अंतिम धोरणातून ती गेली. सीमेवर सैनिक मारले गेले होते, लोकांचा राग मी समजू शकते. पण ज्याच्याशी भांडण आहे त्याची भाषा तर आधी यायला हवी ना? ती न शिकून नुकसान आपलंच.

शीआनमध्ये एक विटांचा उंच मनोरा आहे, सात मजली, किंचित कललेला. ६५२ साली बांधायला घेतला, श्वानत्सांगने भारतातून आणलेले ग्रंथ ठेवायला. आपल्या इतिहासाच्या पुस्तकातला ‘ह्युएन त्संग’ तो हाच. नालंदेत शिकला, पुलकेशीच्या महाराष्ट्रातही येऊन गेला. इथली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असं आपल्याबद्दल लिहून ठेवलं. ६४५ साली परत गेला तो ६५७ ग्रंथ घेऊन. हा माणूस निघाला तेव्हा त्याच्या बादशहाने देशाबाहेर जायला बंदी घातली होती. तो चोरून निघाला. सोळा-सतरा वर्षं लोकांच्या दारात पाहुणा म्हणून राहिला. दौरा करून परतला असता तर त्या मनोऱ्यात ठेवायला काय मिळालं असतं?

‘उपयोग काय झाला?’ हा प्रश्न नातेवाईक मला अजून विचारतात. उपयोग म्हणाल तर फारसा नाही. लेक आता तिशीला आलीय, तिच्या नोकरीत चिनीचा काही संबंध नाही, अक्षरं निम्मी विसरली. मराठी काही अस्खलित झालं नाही. पण आई होती तोवर तिच्याशी फोनवर ती मराठीतच बोलायची, चुकत, अडखळत, न लाजता. अडखळण्याची लाज तिची शीआनला गेली. पितृपक्षात आता पान ती ठेवते. ज्यांना यात उपयोग दिसत नाही त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

तर भाचीबाई, माझं म्हणणं एवढंच. त्या शाळेला पत्र लिही. एक रात्र नको, निदान पाच द्या म्हणावं. ‘ऐच्छिक’ हा शब्द काढा, कारण पंधरा वर्षांच्या मुलाला इच्छा विचारली तर तो हॉटेलच म्हणेल, आणि त्याच्या आईला विचारलं तर तीही. त्यासाठी क्वेलिन आणि शांघाय गेलं तरी चालेल, ती शहरं कुठे पळून जात नाहीत. पालकांची मीटिंग बोलाव आणि तिथे बोल. मी बोलले नाही, तू बोल. ती लोकं ऐकली नाहीत तर पैसे साठव आणि पुढच्या वर्षी दुसरी ट्रिप शोध.

आणि त्यांनी ऐकलं तर पिल्लूच्या बॅगेत मॅगीची पाकिटं भरू नकोस. त्या घरातल्या आजीसाठी काहीतरी दे. त्याने रात्री रडत फोन केला तर मला कर. तू बूट घालशील, मला माहीत आहे. मी काढायला सांगीन.

मंडळी, तुमच्यापैकी कुणी मुलांना असं परक्या घरी राहायला पाठवलं असेल, किंवा पाठवायचं टाळलं असेल, तर जरूर लिहा. भाची वाचतेय.